जागा मागणं इतकं अवघड का जातं?

तुम्ही लोकलमध्ये बसला आहात आणि समोर काठी टेकत एक बाई येऊन उभी राहिली, तर बहुतेक तुम्ही उठाल. आता समोर माझ्यासारखी अठ्ठावीस वर्षांची, पाठीवर सॅक घेतलेली, धडधाकट दिसणारी मुलगी आहे असं समजा. तुम्ही कशाला उठाल? मीही उठले नसते.

मला चार वर्षांपासून संधिवात आहे. सकाळी घोटे आणि गुडघे आखडलेले असतात आणि नेमका तेव्हाच पन्नास मिनिटांचा प्रवास असतो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र नाही, म्हणून मी दिव्यांगांच्या डब्यात चढत नाही. लेडीज सेकंड क्लासमध्ये जागा मिळाली तर मिळाली. पण इतक्या वर्षांत मी कुणाला एकदाही "मला बसू द्या" म्हटलं नव्हतं. अनोळखी माणसं गर्दीत एकमेकांशी कशी वागतात हाच माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे हा नुसता माझा भित्रेपणा आहे की आणखी काही, हे शोधायला घेतलं. त्यातले दोन जुने प्रयोग आज सांगते. दोन्ही न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतले आहेत.

लोकांना पर्वा नसते का?

पहिला प्रयोग इर्व्हिंग पिलियाविन, ज्युडिथ रोडिन आणि जेन पिलियाविन यांचा, 1969 साली प्रसिद्ध झालेला. गाडी सुटली की थोड्या वेळाने एक तरुण डब्यात कोसळायचा. कधी त्याच्या हातात काठी असायची, तर कधी अंगाला दारूचा वास आणि हातात बाटली. काठीवाल्याला 65 पैकी 62 वेळा कुणीतरी आपणहून मदत केली. दारुड्याला 38 पैकी 19 वेळा. डब्यात माणसं जास्त असली म्हणून मदत कमी झाली, असंही दिसलं नाही.

म्हणजे गरज स्पष्ट दिसली, तर लोक उठतात. पंचाईत होते ती गरज दिसत नाही तेव्हा. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यातले हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस असे कितीतरी समोरच्याला बघून कळत नाहीत. अशा माणसापुढे एकच रस्ता उरतो, तो म्हणजे तोंडाने मागणं.

मागणाऱ्याचं काय होतं?

दुसरा प्रयोग स्टॅन्ली मिलग्रम यांचा, 1970 च्या दशकातला. त्यांच्या सासूबाईंनी विचारलं होतं, हल्लीची तरुण मुलं म्हाताऱ्यांना जागा का देत नाहीत? मिलग्रमनी हा प्रश्न उलटा केला. मागितलीच तर देतात का? विद्यार्थ्यांनी अनोळखी प्रवाशापुढे जाऊन एवढंच म्हणायचं होतं, "माफ करा, मला तुमची जागा द्याल का?" कारण काही सांगायचं नाही.

सुमारे 68 टक्के प्रवासी उठले किंवा सरकले. पण "उभ्याने पुस्तक वाचता येत नाही" असं किरकोळ कारण सांगितल्यावर हे प्रमाण 42 टक्क्यांवर आलं. मिलग्रम यांच्या मते, कारण न सांगता मागितलं की बसलेला माणूस मनात धरतो, याला काहीतरी होत असणार. फालतू कारण ऐकलं की नाही म्हणायला वाव मिळतो. (खरं, गंभीर कारण सांगितलं तर काय होतं, हे त्यांनी तपासलं नव्हतं. तेव्हा कारण सांगूच नये, असा अर्थ काढू नका.)

मला जास्त भिडली ती पुढची गोष्ट. स्वतः मागायला गेले तेव्हा मिलग्रम यांच्या तोंडून शब्द फुटेना. जागा मिळाल्यावर आपण खरंच आजारी आहोत असं दाखवण्याची अनावर गरज त्यांना वाटली. मान खाली गेली, चेहरा पांढरा पडला. आणि हा माणूस पूर्ण निरोगी होता!

आपल्याकडचं "कुठे उतरणार?"

मुंबईत आपण जागा रोज मागतो. डब्यात शिरल्या शिरल्या "कुठे उतरणार?" विचारतो आणि पुढची जागा पक्की करतो. चौथ्या सीटसाठी नुसतं "जरा सरका" म्हटलं तरी चालतं. यात कुणाला लाज वाटत नाही, कारण तो सगळ्यांना ठाऊक असलेला नियम आहे. पण "आत्ता उठा, मला बसू द्या" यासाठी असं ठरलेलं वाक्यच आपल्याकडे नाही.

लंडनच्या वाहतूक यंत्रणेने 2017 पासून "कृपया मला बसायला जागा द्या" अशा अर्थाचा बिल्ला मोफत द्यायला सुरुवात केली. त्यासाठी डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. बोलण्याचं अवघड काम तो बिल्ला करतो.

मग आपण काय करायचं?

आपल्याकडे बिल्ला येईल तेव्हा येईल. तोवर सुरुवात बसलेल्याने करावी, कारण विचारणं त्याला सोपं जातं.

- राखीव सीटवर बसला असाल, तर दर स्टेशनला मोबाइलमधून मान वर करा. "बसता का?" एवढंच विचारा. काय झालंय ते विचारू नका.
- "नको" म्हटलं तर आग्रह करू नका. काहींना बसून परत उठण्याचाच त्रास जास्त होतो.
- अंध प्रवाशाला दंडाला धरून ओढू नका. "तुमच्या उजव्या हाताला जागा रिकामी आहे" असं सांगा.
- राखीव सीटवरच्या तरण्याताठ्याला झापण्याआधी थांबा. त्याचा आजार तुम्हाला दिसत नसेल.
- तुम्हीच उभे असाल आणि सहन होत नसेल, तर सगळ्या डब्याकडे न बघता एकाच व्यक्तीला विचारा.

हा शेवटचा उपाय मी गेल्या आठवड्यात करून पाहिला. "ताई, मला जरा बसू देता का?" ताई लगेच उठल्या, काही विचारलं नाही. मी बसले आणि पुढची दोन स्टेशनं गुडघा चोळत राहिले. तो खरंच दुखत होता, तरी आपण नाटक करतोय असंच वाटत होतं.