बंद शोकेसमधील खेळाचे यंत्र : ते का तापते व काय करावे



ऊस, बेणे, खते आणि ठिबक हे आपल्या या पानाचे नेहमीचे विषय. आजचा विषय ऐकून काहीजण हसतील. परंतु ज्यांच्या घरी नातवंडे आहेत ते हसणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका सभासदांबरोबर हरसूलला जाण्याचा योग आला. त्यांचे चिरंजीव तिकडे सरकारी नोकरीत असून बिऱ्हाडही तिथेच आहे. गिरणारे, वाघेरा करीत आम्ही पोचलो तेव्हा भाताच्या आवणीचे दिवस होते आणि पाऊस म्हणाल तर धो धो. घरात शिरतो तो वातावरण तंग. तेरा वर्षांचा नातू कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. चौकशी करता कळले ते असे : उसाच्या पेमेंटमधून आजोबांनी नातवाला व्हिडिओ गेमचे यंत्र घेऊन दिले होते. मुले त्याला ‘कन्सोल’ म्हणतात. दोन महिने ते ठीक चालले आणि आता अर्ध्या-पाऊण तासात आपोआप बंद पडू लागले. वडिलांनी निकाल देऊन टाकला, “तूच काहीतरी उद्योग केला असशील.” पोराचे खेळणे तर बंद झालेच, वर बोलणीही बसली.

पन्नास हजारांच्या घरातली वस्तू म्हटल्यावर वडिलांचा राग समजण्यासारखा आहे. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन ५ फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात विक्रीला आले तेव्हा त्याच्या मोठ्या प्रकाराची किंमत ४९,९९० रुपये होती. एवढ्या पैशात सेकंडहँड मोटारसायकल येते.

आम्ही म्हणालो, आधी यंत्र ठेवलेय कुठे ते तर दाखवा. हॉलमध्ये भिंतीला टेकवून सनमायका मारलेली मोठी शोकेस. मधल्या भागात टीव्ही, त्याखाली काचेच्या दाराचा एक कप्पा. तीन फूट लांब, दीड फूट उंच, दीड फूट खोल. मागे प्लाय ठोकलेला आणि वायरींसाठी एक दोन इंची भोक, तेही वायरींनी बुजलेले. त्या कप्प्यात हे यंत्र, शेजारी सेट टॉप बॉक्स, आणि दार लावलेले.

“दार का लावता?” आम्ही विचारले.

सूनबाई म्हणाल्या, “पावसाळ्यात इथे सगळ्याला बुरशी येते, भाऊ. आणि झुरळं, पाली.” हे कारण खरे आहे. आजी म्हणाल्या, “ते फार घरघरतंय. मला मालिकेतलं काही ऐकू येत नाही.” नातू मात्र गप्पच. शेवटी हळूच म्हणाला, “बंद होण्याआधी स्क्रीनवर लिहून येतं. फार गरम झालंय म्हणून.” मग सांगितलं का नाहीस? तर म्हणे, सांगितलं असतं तर कायमचं बंद केलं असतं.

म्हणजे पोराचा गुन्हा एवढाच की तो बोलला नाही. बाकी सारा गुन्हा त्या दाराचा.

आता कारण समजून घेऊ. हे यंत्र म्हणजे एक लहान पण भारी ताकदीचा संगणक आहे. मोठा खेळ चालू असताना आजची मोठी यंत्रे सुमारे २०० वॉट वीज ओढतात. या विजेतून ना पाणी उपसले जाते, ना चाक फिरवून बाहेर काम होते. जवळजवळ सगळीच वीज उष्णता होऊन बाहेर पडते. आपल्यापैकी ज्यांनी कोंबड्या पाळल्या आहेत त्यांना चटकन कळेल : पिलांना ऊब द्यायला टोपलीखाली शंभराचे दोन पिवळे बल्ब लावावेत, तेवढी ही उष्णता. शोकेसच्या बंद कप्प्यात आपण नकळत ब्रूडरच तयार करतो आणि त्यात पन्नास हजारांचे यंत्र ठेवतो.

यंत्रात स्वतःचा पंखा असतो. तो गार हवा आत ओढतो, आतल्या धातूच्या पात्यांवरून फिरवतो आणि गरम हवा मागून फेकतो. मोकळ्या खोलीत ही व्यवस्था पुरेशी असते. बंद कप्प्यात मात्र फेकलेली गरम हवा जाणार कुठे? ती फिरून पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा आत ओढतो. दर फेरीला हवा आणखी गरम. हवा गरम झाली की यंत्र पंख्याचा वेग वाढवते, त्याने घरघर वाढते, घरघर वाढली की आजी म्हणतात दार लावा, आणि दार लावले की हवा आणखी तापते. शेवटी यंत्र स्वतःला वाचवायला बंद होते. म्हणजे बंद पडणे हा इथे बिघाड नव्हता, बिघाड होऊ नये म्हणून केलेली सोय होती.

निफाड-येवल्याकडच्या मंडळींना यात नवे काहीच नाही. कांदा चाळ आपण कशी बांधतो? जमिनीपासून उचललेली, खालून हवा शिरेल अशी, बाजूच्या पट्ट्यांत फटी ठेवलेली. गरम हवा वर चढते, खालून गार हवा तिची जागा घेते. बंद खोलीत ढीग घातला तर कांदा सडतो हे लहान पोरही सांगेल. शोकेस ही यंत्राची चाळ आहे असे समजावे, म्हणजे पुढचे सगळे आपोआप सुचते.

आता थोडा हिशेब, कारण सुताराला “भोक पाड” एवढे सांगून भागत नाही. २०० वॉट उष्णता बाहेर काढायची आणि कप्प्यातली हवा खोलीपेक्षा १० अंशांहून जास्त तापू द्यायची नाही, तर मिनिटाला साधारण १ घनमीटर हवा बदलावी लागते. वर सांगितलेल्या मापाच्या कप्प्यात हवा मावते सुमारे ०.१९ घनमीटर. म्हणजे कप्प्यातली सगळी हवा मिनिटाला पाच वेळा बदलली पाहिजे. एवढी हवा पंख्याने ढकलायची तरी चार इंची दोन भोके आत यायला आणि तेवढीच दोन बाहेर जायला हवीत. एका दोन इंची भोकाच्या आठपट ही जागा झाली. पंखा न लावता नुसत्या भोकांवर भागवायचे तर जागा याहून कितीतरी जास्त लागेल.

आणि १० अंशांची वाढ तरी चालेल का? प्लेस्टेशनसाठी सभोवतीच्या हवेचे तापमान ५ ते ३५ अंशांपर्यंत असावे, असे कंपनीच्या पुस्तिकेत दिलेले असते. हरसूलच्या पावसाळ्यात खोली २८ अंशांवर असेल तर कप्पा ३८ वर जाईल, म्हणजे मर्यादेबाहेरच. मे महिन्यात इकडे खालच्या तालुक्यांत तर खोलीच ३५ ओलांडते. म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, भोके आणि पंखा हे दार उघडायला विसरलो तर आधार म्हणून ठीक. खेळताना दार उघडे ठेवायचे, हाच मुख्य नियम. त्याच पुस्तिकेत यंत्र भिंतीपासून निदान १० सेंटिमीटर दूर ठेवा, असेही सांगितलेले असते. बंद कप्प्यात ठेवू नका, हेही. पण ही पुस्तिका बहुतेक घरांत खोक्यातच राहते.

हरसूलला आम्ही काय केले ते सांगतो. मिस्त्रीला बोलावून त्या कप्प्यामागचा प्लाय पूर्ण काढून टाकला. चार-दोन भोके पाडण्यापेक्षा हे सोपे आणि जास्त उपयोगाचे. शोकेस भिंतीपासून पाच इंच पुढे ओढली. त्या भिंतीला ओल आलेली होती, तेव्हा सनमायक्याखालचा प्लायही फुगण्यापासून वाचला. काचेचे दार बिजागरीतून काढूनच ठेवले. सेट टॉप बॉक्स वरच्या फळीवर गेला. यंत्र आडवे, मधोमध, दोन्ही बाजूंना हातभर नाही तरी वीतभर जागा सोडून. मग नातवाला सांगितले, लाव आता. दीड तास चालले. घरघर इतकी कमी की आजींनी स्वतः विचारले, “चालू आहे ना ते?”

नातवाच्या वडिलांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला. फार काही बोलले नाहीत.

राहता राहिली झुरळे. उबदार, अंधारी जागा त्यांना फार आवडते आणि यंत्राच्या आत शिरली की सर्किटवर घाण करून ठेवतात. उघड्या मागच्या बाजूला मच्छरदाणीची प्लॅस्टिक जाळी ताणून लावावी. पण जाळीने हवेची वाट अरुंद होते आणि महिन्याभरात धुळीने बुजते. म्हणून ती खिळे न मारता चिकटपट्टीने लावावी, महिन्याला काढून धुवावी. हे काम नातवाकडे दिले आहे. बुरशीचे म्हणाल तर, हवा खेळती राहिली की ती आपोआप कमी होते. यंत्र बरेच दिवस वापरायचे नसेल तेव्हा कपडा टाकावा, मात्र चालू करण्याआधी तो काढलाच पाहिजे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले त्यानंतरच्या काळात टीव्हीला शटरचे लाकडी कपाट आणि वर भरतकामाचा रुमाल असायचा, ती सवय घराघरांत अजून आहे. तो टीव्ही रुमाल सोसत होता, हे यंत्र सोसणार नाही.

उष्णतेचा धोका कंपन्यांनाही महागात पडला आहे. मायक्रोसॉफ्टच्या ‘एक्सबॉक्स ३६०’ यंत्रांवर तीन लाल दिवे लागून ती मरू लागली, तेव्हा जुलै २००७ मध्ये कंपनीने त्या बिघाडाची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी १०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. तापणे आणि निवणे यांच्या माऱ्याने आतले बारीक डागाचे सांधे तुटत होते. तिथे दोष यंत्राच्या घडणीतच होता. चांगल्या घडणीच्या यंत्राला आपण बंद कप्प्यात घालून तोच मार देऊ नये, एवढेच.

विजेबद्दल दोन गोष्टी. एक्स्टेन्शन बोर्डाची वायर गुंडाळी करून यंत्रामागे कोंबू नये, गुंडाळीतली वायर तापते. इन्व्हर्टर किंवा यूपीएस त्याच कप्प्यात ठेवू नये, कारण तेही उष्णता देतात. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवावा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

ज्यांची शोकेस भिंतीतच बसवलेली आहे आणि मागचा प्लाय काढता येत नाही, त्यांनी सुताराला पुढील मापे द्यावीत : कप्प्याच्या तळाजवळ चार इंची दोन भोके, वरच्या बाजूला पाठीमागे तेवढीच दोन, आणि वरच्या दोन्ही भोकांवर संगणकात असतो तसा १२० मिलिमीटरचा एकेक पंखा, हवा बाहेर फेकेल असा. भोके भिंतीवर न उघडता मोकळ्या हवेत उघडली पाहिजेत, नाहीतर बाजूच्या फळीत पाडावीत. पंखा उलटा बसला का हे पाहायला पेटलेली उदबत्ती भोकाजवळ धरावी : खाली धूर आत ओढला जावा, वर बाहेर ढकलला जावा. प्लेस्टेशन ५ चा पहिला मोठा प्रकार उभा ठेवला तर पंधरा इंचांहून उंच भरतो, तेव्हा कप्प्याची उंची आधी मोजावी आणि मगच यंत्र घ्यावे.