हृदय, वार्धक्यातील निरोगी
हृदय, वार्धक्यातील निरोगी : कोणताही रोग नसताना केवळ वयोमानाने हृदयाच्या रचनेत व कार्यात होणारे बदल. पूर्वी ही माहिती मुख्यत्वे शवविच्छेदनातून मिळे. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर व हेल्मुट हेर्ट्‌झ यांनी १९५३ मध्ये श्राव्यातीत ध्वनितरंगांच्या साहाय्याने हृदयाची हालचाल नोंदविली आणि धडधडत्या हृदयाचे अवलोकन शक्य झाले.

वाढत्या वयात महारोहिणी ताठर होते आणि डाव्या निलयाची भित्ती काहीशी जाडावते. तथापि जाडी वाढली म्हणजे स्नायूचे वजन वाढलेच, असे नव्हे. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांत निलयाची पोकळीच वयाबरोबर लहान होत गेलेली आढळते. म्हणून जाडीच्या एकाच मापावरून अतिवृद्धीचे निदान करणे धोक्याचे ठरते.

विश्रांत अवस्थेतील आकुंचनशक्ती बहुधा टिकून राहते. खरा फरक पडतो तो शिथिलनात. तरुणपणी निलय सैल पडताच बहुतेक रक्त आपोआप आत येते. विसाव्या ते ऐंशीव्या वर्षांदरम्यान या प्रारंभिक भरणाचा वेग सुमारे निम्म्यावर येतो. ही उणीव डावे अलिंद अधिक जोराने आकुंचन पावून भरून काढते व स्वतः थोडे मोठे होते. डॉप्लर तंत्राने काढलेल्या रक्तप्रवाहाच्या आलेखात पहिले शिखर बुटके व दुसरे उंच दिसू लागते. तरुणात ही उलटापालट रोगसूचक असू शकते. सत्तरीत ती सामान्य होय. मात्र अलिंदाची लय बिघडून ते नुसते थरथरू लागल्यास हा आधार एकाएकी नाहीसा होतो व वृद्धास धाप लागते. ती वयाचीच समजून उपचार लांबविण्याची चूक पुष्कळदा होते.