वेदनेचे मोल ओळखणारा डॉक्टर

गंजलेले कुलूप काही केल्या उघडत नव्हते. डॉ. पॉल ब्रँड यांनी सगळा जोर लावून पाहिला. शेजारी उभा असलेला कुष्ठरुग्ण मुलगा पुढे आला, त्याने किल्ली फिरवली आणि कुलूप उघडले. एवढ्याशा मुलाच्या हातात एवढी ताकद कशी, असे डॉक्टरांना वाटते न वाटते तोच जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. किल्लीने मुलाचे बोट हाडापर्यंत कापले होते आणि त्याला पत्ताही नव्हता.

ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरावर, इंग्रज मिशनरी आईवडिलांच्या पोटी झाला. शिक्षणासाठी ते लहानपणीच इंग्लंडला गेले. तिथे आधी बांधकामाचे काम शिकले, मग वैद्यकाकडे वळले. शल्यविशारद होऊन १९४६ मध्ये ते वेलूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. पुढच्याच वर्षी चेंगलपट्टूच्या कुष्ठधामाला भेट देताना त्यांनी एका रुग्णाच्या हातात हात दिला. बोटे वाकडी झालेल्या त्या हाताची पकड मात्र भलतीच घट्ट होती. म्हणजे सगळे स्नायू निकामी झालेले नाहीत!

कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत, कातडीजवळून जाणाऱ्या नसांत वाढतात. कोपराजवळची नस बिघडली की पंजातले छोटे स्नायू लुळे पडतात आणि बोटे आकडीसारखी वळतात. पण कोपराखालचे मोठे स्नायू बहुधा शाबूत राहतात. ब्रँड यांनी या चांगल्या स्नायूंचे कंडरे वळवून बोटांना जोडले. हात पुन्हा काम करू लागले. कुष्ठरुग्णांवर अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या पहिल्या काही शल्यविशारदांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. बोटे झडतात कशी? रोगामुळे मांसच सडते, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेका जखमेचा माग काढला. कुणी चुलीवरचे गरम भांडे उघड्या हाताने उचलले होते, कुणी चपलेतल्या खिळ्यावर दिवसभर चालले होते. काहींची बोटे झोपेत उंदरांनी कुरतडली होती; मग घरोघरी मांजरे पाळायला दिली गेली. मांस चांगलेच होते. नव्हती ती फक्त वेदना. जखमी पायाला प्लास्टर घालून विश्रांती दिली, तर जुनाट व्रणही भरून येत होते.

एकदा लंडनमध्ये लांबच्या रेल्वेप्रवासानंतर ब्रँड यांना आपली टाच बधिर वाटली. आपल्यालाही कुष्ठरोग झाला, या धास्तीने रात्र गेली. सकाळी त्यांनी टाचेला सुई टोचली आणि कळ उठली. त्या वेदनेसाठी त्यांनी देवाचे आभार मानले.

१९६६ मध्ये ते अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात, कारव्हिल इथल्या कुष्ठरुग्णालयात गेले. तिथे त्यांनी कृत्रिम वेदना देणारी यंत्रणा तयार करून पाहिली. ती फसली, कारण धोक्याचा इशारा मिळाला की रुग्ण ती बंद करून आपले काम पुरे करत! मात्र तिथेच एक गोष्ट स्पष्ट झाली. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांची कहाणीही अगदी हीच आहे. प्लास्टरचा आणि योग्य पादत्राणांचा उपाय त्यांनाही लागू पडला. ब्रँड २००३ मध्ये निवर्तले.

आज कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो, पण आपल्या घराघरांत मधुमेह आहे. ‘पाय दुखत नाही, म्हणजे जखम किरकोळ आहे’ असे समजून रुग्ण उशिरा येतात आणि बोट किंवा पाय कापण्याची वेळ येते. म्हणून मधुमेहींनी रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांना सांगावे. अनवाणी चालू नये, घरातसुद्धा. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून बघावा. पाय शेकू नयेत. भोवरी घरी कापू नये. फोड, लाली किंवा एखादी जागा गरम लागली, तर न दुखताही त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

जिथे वेदना बोलत नाही, तिथे डोळ्यांनी तिचे काम करायचे असते.