ऑफिससाठी स्कूटर घेताय? आधी चाकं बघा

शोरूममध्ये शिरलं की सेल्समन मायलेज आणि रंग दाखवायला लागतो. दाखवू दे. तुम्ही खाली वाकून चाकं बघा. अ‍ॅक्टिवा ६जीला पुढे १२ इंची चाक आहे, पण मागे १० इंची. ज्युपिटरला दोन्हीकडे १२. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि दणका थेट कंबरेला बसतो. पावसाळ्यात रोज कोथरूडहून हिंजवडी गाठणाऱ्याला मी डोळे झाकून मोठं चाक सुचवेन, त्यात चाळिशी उलटली असेल तर विचारूच नका.

मग सीटवर बसा. दोन्ही पाय टेकतात का? हँडल पूर्ण वळवल्यावर गुडघ्याला लागतं का? आणि गाडी मेन स्टँडवर स्वतः चढवून बघा, सेल्समनला हात लावू देऊ नका.

इंजिनाचं म्हणाल तर एकट्याला, सपाट रस्त्याला ११० सीसी पुरते. मागे कोणी बसणार असेल आणि वाटेत चढ असेल तर १२५.

इलेक्ट्रिक घ्यायची असेल तर आधी सोसायटीला विचारा, पार्किंगमध्ये चार्जिंगचा पॉइंट मिळणार का. कंपनीची रेंज चाचणीतली असते. ट्रॅफिक, चढ आणि डबलसीट धरून कमीच मिळते.

सेकंडहँड घेत असाल तर शक्यतो एप्रिल २०१९ नंतरची घ्या. तेव्हापासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. कॉम्बी ब्रेक असलेल्या स्कूटरचा डावा ब्रेक दाबला की पुढचं चाकही धरतं.