गिनी फाउल आफ्रिकेचा, मग अमेरिकेच्या बर्फात तो जगतो कसा?

अंगभर राखाडी पिसं, त्यावर पांढरे ठिपके, डोकं मात्र टक्कल आणि वर हाडाचा टोप. हा गिनी फाउल. मूळचा सहाराच्या दक्षिणेकडच्या गवताळ माळांवरचा. पण आज मिनेसोटा, व्हर्माँटसारख्या अमेरिकी राज्यांतही लोक तो पाळतात. कारण तो गोचीड आणि किडे टिपतो, आणि अंगणात कुणी परकं दिसलं की ओरडून घर डोक्यावर घेतो.

आता तिथं हिवाळ्यात पारा उणे २० च्याही खाली जातो. मग हा पक्षी टिकतो कसा?

तर मोठ्या गिनी फाउलला पिसांचं पांघरूण पुरतं. पिसं फुगवली की मध्ये हवा अडकते आणि अंगातली ऊब बाहेर जात नाही. अडचण असते उघड्या भागांची. डोकं, चोचीजवळ लोंबणारे लाल मांसल पदर आणि पायाची बोटं. तिथं हिमदंश होतो.

इथंच बरेच पाळणारे फसतात. थंडी नको म्हणून ते खुराड्याची प्रत्येक फट बुजवतात. पण पक्ष्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून रात्रभर वाफ निघते. ती बाहेर गेली नाही, तर सगळं ओलं होतं, आणि ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा लवकर गोठते. वर विष्ठेतला अमोनिया साठून श्वसनाचे आजार होतात ते वेगळेच.

म्हणून हवा जायची जागा छपराजवळ, उंचावर ठेवायची. बसायच्या दांडीवर थेट वारा येऊ द्यायचा नाही. खाली कोरड्या भुशाची जाड गादी. सकाळी काचेवर आतून पाणी किंवा बर्फ साचलेलं दिसलं, की समजायचं, हवा कमी पडतेय.

दांडी गोल आणि बारीक नको. चार बोटं रुंद, सपाट पट्टी हवी. त्यावर पक्षी बसला की पोटाची पिसं बोटांना झाकतात.

दुसरी भानगड म्हणजे गिनी फाउलला झाडावर झोपायची सवय. बर्फाच्या रात्री तिथं थंडी आहेच, शिवाय मोठी घुबडंही असतात. त्यामुळे हिवाळ्याआधीच त्यांना आत यायची सवय लावावी लागते. रोज संध्याकाळी खुराड्यातच दाणे टाकायचे आणि आत छोटा दिवा ठेवायचा, कारण अंधाऱ्या जागेत ते शिरत नाहीत. उष्णतेचा दिवा मात्र शक्यतो टाळलेला बरा. भुशात पडला तर आग लागते.

पाणी गोठतं, म्हणून दिवसातून अनेकदा बदलायचं. अंडी बंद झाली तर घाबरायचं नाही. दिवस लहान झाला की ती थांबतातच.

पिल्लांचा हिशोब मात्र वेगळा. पहिल्या आठवड्यात त्यांना साधारण ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती साधारण ३ अंशांनी कमी करायची. पिल्लू भिजलं आणि गारठलं, तर ते वाचणं अवघड.

आपल्याकडेही हा पक्षी पाळला जातो. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कादंबरी, चितंबरी, श्वेतांबरी हे वाण तयार केलेत. आपल्याकडे बर्फ नाही, पण पावसाळा आहे. त्यामुळे खुराडं कोरडं आणि हवेशीर ठेवायचा नियम इथंही तोच. मूठभर भुसा हातात दाबून बघा. गोळा झाला, तर तो बदलायची वेळ झाली.