लिव्हर बिघडलं की माणूस विसराळू का होतो?

लिव्हर सिरॉसिसचा रुग्ण दिवसभर पेंगतो, रात्री मात्र टक्क जागा असतो. सुट्टे पैसे मोजताना चुकतो, घरच्यांवर उगाच डाफरतो. कुणाला वाटतं वय झालं, कुणाला वाटतं पुन्हा प्यायला लागला. कुणी ‘बाहेरचं’ बघायलाही नेतं. पण अनेकदा यामागे खुद्द लिव्हरच असतं. डॉक्टर याला ‘हेपॅटिक एन्सेफॅलोपॅथी’ म्हणतात.

नेमकं काय होतं?

आतड्यात अमोनिया तयार होतो. निरोगी लिव्हर त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे बाहेर पडतो. सिरॉसिसमध्ये लिव्हर कडक होतं, बरंचसं रक्त त्याला वळसा घालून पुढे जातं. मग अमोनिया मेंदूपर्यंत पोहोचतो. तिथल्या आधार देणाऱ्या पेशी सुजतात, विचार मंदावतात. हात समोर धरून पंजे वर वळवले की ते पंखासारखे फडफडतात. त्रास वाढला तर रुग्ण कोमात जाऊ शकतो.

त्रास कशामुळे उफाळतो?

बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, शरीरातलं पाणी कमी होणं, पोटात रक्तस्राव किंवा झोपेची गोळी. म्हणजे झोप येत नाही म्हणून दिलेली गोळीच घात करू शकते.

उपचार काय?

लॅक्टुलोज नावाचं गोड पातळ औषध. दिवसातून 2 ते 3 वेळा मऊ शौचाला व्हावं, एवढा त्याचा डोस ठेवतात. त्यामुळे अमोनिया शौचावाटे निघून जातो. ‘पोट तर साफ होतंय’ म्हणून ते परस्पर बंद करू नये. गरजेनुसार रिफॅक्सिमिन हे अँटिबायोटिकही देतात.

डाळ, दूध बंद करायचं का?

पूर्वी प्रथिनं तोडायला सांगत. आता तसं सांगत नाहीत, कारण स्नायूही अमोनिया हाताळतात आणि प्रथिनं तोडली की तेच झिजतात. साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं आणि झोपण्यापूर्वी थोडं खाणं सुचवलं जातं.

पित्तनलिकांचं काय?

‘प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस’ या आजारात लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिका हळूहळू नष्ट होतात. तो प्रामुख्याने मध्यमवयीन स्त्रियांना होतो. यात खाज सुटते, प्रचंड थकवा येतो, लक्ष लागत नाही. हे सिरॉसिस होण्याआधीही होऊ शकतं. त्यामुळे अशा बाईला आळशी ठरवण्याआधी लिव्हरची रक्ततपासणी करून घ्यावी.

लिव्हरचा रुग्ण असंबद्ध बोलू लागला, उठवूनही नीट जागा होत नसेल किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर सकाळची वाट बघू नका. थेट हॉस्पिटल गाठा. वेळेत उपचार मिळाले, तर बहुतेकदा माणूस पुन्हा भानावर येतो.