यंत्र कुठवर आले?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकावर लेख द्यावा, याचे आमच्या संपादकांना नवल वाटले. वस्तुतः नवल वाटण्यासारखे त्यात काही नाही. बारावीनंतर मी एक वर्ष आय. टी. आय.मध्ये संगणकाचा कोर्स केला आणि मग वाचनाच्या ओढीने मराठी विषय घेऊन या महाविद्यालयात आलो. फीची आणि खानावळीची सोय व्हावी म्हणून संध्याकाळी सहा ते आठ या वेळात एका संगणक-दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर नवशिक्या तंत्रज्ञांचा वर्ग घेतो. वर्गात बारा जण आहेत. कोणी दहावी नापास, कोणी बारावी होऊन घरी बसलेले. दोन मुली शेजारच्या गावाहून एस. टी.ने येतात. सहा महिन्यांत दुकानात बसता यावे, एवढीच साऱ्यांची अपेक्षा. वयाने ती माझ्याएवढीच, तरी मला ‘सर’ म्हणतात. त्या हाकेची लाज वाटावी असा एक प्रसंग पहिल्याच तुकडीच्या वेळी घडला. तो सांगितल्यावाचून पुढचे विवेचन करता येणार नाही.

पहिल्या तुकडीला मी बटणे शिकवली. संगणक सुरू होत नसेल, तर आपला पेनड्राइव्ह लावायचा, अमुक बटण दाबायचे, मग ‘पुढे’, मग पुन्हा ‘पुढे’, जुने सारे पुसायचे आणि नवी विंडोज टाकायची. दुकानाच्या भाषेत याला ‘फॉरमॅट मारणे’ म्हणतात. मुलांनी ते वहीत क्रमांक घालून उतरवून घेतले. महिन्याभरात त्यांचा हात असा बसला, की तासाभरात कोणताही संगणक कोरा करकरीत करून देत. दुकानाचे मालक खूश, पालक खूश. मीही खूश होतो, हे कबूल केले पाहिजे.

एके दिवशी तालुक्यातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आपला जुना संगणक पिशवीत घालून घेऊन आले. सारे त्यांना गुरुजी म्हणतात, मीही तेच म्हणतो. त्यांनी सहा वर्षे वाड्यावस्त्यांवर हिंडून वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या आणि एका बोटाने टंकून त्या संगणकात ठेवल्या होत्या. सातशेच्या आसपास ओव्या, आणि प्रत्येकीखाली म्हणणारीचे नाव, गाव, वय. संगणक सुरू होत नव्हता. काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी येऊन तो थांबे. माझी त्या दिवशी सहामाही परीक्षा होती. दुकानात माझा एक विद्यार्थी होता. त्याने वही उघडली आणि वहीत जे होते ते केले.

संध्याकाळी मी गेलो, तेव्हा टेबलावर एक निळा पेनड्राइव्ह पडलेला दिसला. “हा कुणाचा रे?” मी विचारले.

“त्यांच्याच मशीनला मागं लावलेला होता, सर. आपला लावायचा म्हणून काढला.”

मी तो निळा पेनड्राइव्ह पुन्हा मागे लावला आणि संगणक बंद करून चालू केला. त्याच दोन ओळी आल्या. त्यांचा अर्थ साधा होता: डिस्क किंवा इतर माध्यमे काढून घ्या, कोणतेही बटण दाबून पुन्हा सुरू करा. यंत्र आपले दुखणे आणि त्यावरचा उपाय, दोन्ही स्वतःच सांगत होते. त्या संगणकाला प्रथम पेनड्राइव्हकडे पाहा आणि नंतर आतल्या डिस्ककडे, असा क्रम लावून दिलेला होता. पेनड्राइव्हवर सुरू होण्याजोगे काही नव्हते, म्हणून तो तिथेच अडून बसला. तो काढला असता तर मिनिटाभरात काम झाले असते. “ह्या ओळी वाचल्या नाहीस?” असे मी विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “वहीत वाचायचं लिहिलेलं नव्हतं, सर.”

त्यावर मला काही बोलता आले नाही. वही त्याची असली तरी मजकूर माझा होता.

दुसऱ्या दिवशी गुरुजींना मीच सांगितले. ते रागावले असते तर बरे झाले असते. “अडीचशे ओव्या कागदावर आहेत माझ्याकडे,” ते म्हणाले, “बाकीच्या पुन्हा जमवता येतील बाळ, पण त्यांतल्या चौघीजणी आता नाहीत.” मी दोन रात्री बसून जे मिळेल ते परत मिळवले, ते का मिळाले आणि बाकीचे का मिळाले नाही, हे पुढे सांगतो.

तेव्हापासून माझ्या वर्गात पहिले तीन आठवडे कोणी कळफलकाला हात लावत नाही. आम्ही ‘ऑपरेटिंग सिस्टीम’ म्हणजे काय ते समजून घेतो. कोणी तिला परिचालन प्रणाली म्हणतात, कोणी कार्यप्रणाली. माडीवर आम्ही नुसते ‘सिस्टीम’ म्हणतो. मुलांना मी आमच्या एस. टी. स्टँडवर पाठवतो आणि नियंत्रकाच्या खिडकीसमोर अर्धा तास बसायला सांगतो. हा माणूस एकही गाडी चालवत नाही, एकही तिकीट फाडत नाही. परंतु कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागेल, कोण आधी सुटेल, एकाच फलाटावर दोन गाड्या कशा येणार नाहीत, हे तो पाहतो. तो उठून गेला तर सगळे चालक जागेवर असूनही स्टँडचा बाजार होईल. सिस्टीम हे असले खाते आहे. पत्र टंकणे, गाणे लावणे, हिशेब करणे ही कामे निरनिराळे प्रोग्रॅम करतात. प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांची वाटणी सिस्टीम करते. प्रोसेसरमध्ये चार किंवा आठ गाभे असतील, पण एका वेळी शंभरावर प्रक्रिया जाग्या असतात. सेकंदात शेकडो वेळा पाळी बदलून ती प्रत्येकीला थोडा थोडा वेळ देते, आणि आपल्याला वाटते की सारे एकाच वेळी चालले आहे.

ही पाळीची कल्पना फार जुनी नाही. आरंभी अवाढव्य संगणकावर एका वेळी एकाचेच काम चाले आणि बाकीचे आपली छिद्रांची कार्डे घेऊन ताटकळत. अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो यांनी १९६१ साली एकाच यंत्रावर अनेकांना पाळीपाळीने काम करू देणारी प्रणाली करून दाखवली. १९६९मध्ये बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. १९९१ साली हेलसिंकीच्या लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून लोकांपुढे ठेवला. तेव्हा त्याचे वय २१ होते. अँड्रॉइड फोनच्या पोटात आज तोच गाभा आहे, हे सांगितले की मुले खिशातला फोन काढून त्याच्याकडे नव्याने पाहतात.

गाभा, म्हणजे कर्नल, समजावण्यासाठी मी बँकेत नेतो, अर्थात मनाने. खातेदार कितीही मोठा असो, तिजोरीत शिरून त्याला स्वतःचे पैसे उचलता येत नाहीत. खिडकीवर स्लिप भरून द्यावी लागते. प्रोग्रॅमलाही डिस्कला किंवा छपाईयंत्राला थेट हात लावता येत नाही. तो गाभ्याकडे अर्ज करतो, गाभा अधिकार तपासतो आणि काम करून देतो. म्हणूनच एखादा प्रोग्रॅम बिघडला तर तो एकटा मरतो आणि संगणक चालू राहतो. पण गाभ्यातच, किंवा गाभ्याला जोडलेल्या ‘ड्रायव्हर’मध्ये बिघाड झाला, की सबंध पडदा निळा होऊन सारे थांबते. ड्रायव्हर म्हणजे दुभाषा: छपाईयंत्राची बोली एक, गाभ्याची दुसरी. हा भेद कळला की निळा पडदा पाहून मुले घाबरत नाहीत. नवे काय जोडले होते, ते विचारतात.

परंतु माझा सर्वांत अधिक वेळ जातो तो बटण दाबल्यापासून पहिला पडदा दिसेपर्यंतच्या अर्ध्या मिनिटावर. याला ‘बूट होणे’ म्हणतात, आणि मुलांना ते पायातल्या बुटावरून आले असेल असे वाटत नाही. पण आले आहे ते तिथूनच! बुटाच्या मागच्या पट्ट्या धरून स्वतःच स्वतःला वर उचलावे, तशी ही अवघड गोष्ट: सिस्टीम आहे डिस्कवर, आणि डिस्क वाचायला तर सिस्टीम पाहिजे. मग पहिले पाऊल कोणी टाकायचे? ते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये कायम राहणारा छोटा प्रोग्रॅम टाकतो. जुन्या यंत्रांत त्याला बायोस म्हणत, नव्यांत यू. ई. एफ. आय. म्हणतात. तो प्रथम घरातली माणसे मोजावीत तशी रॅम, कळफलक, डिस्क यांची हजेरी घेतो. मग लावून दिलेल्या क्रमाने, सुरू होण्याजोगे माध्यम शोधतो. जुन्या पद्धतीत तो त्या माध्यमावरचे अगदी पहिले ५१२ बाइट वाचतो. नव्या पद्धतीत त्यासाठी राखलेल्या कप्प्यातली फाइल वाचतो. तिथे ‘लोडर’ भेटतो. लोडर गाभ्याला स्मृतीत आणून बसवतो. गाभा ड्रायव्हरांना उठवतो, पडद्यामागच्या सेवा सुरू करतो, आणि मग कोठे आपले नाव विचारले जाते.

वर्गात मी यंत्र मुद्दाम बिघडवून ठेवतो. कधी रॅमची पट्टी सैल करतो, कधी डिस्कची वायर काढतो, कधी मागे पेनड्राइव्ह विसरल्यासारखा ठेवतो. मुलांनी हात मागे बांधून फक्त एका प्रश्नाचे उत्तर द्यायचे: यंत्र कुठवर आले? पंखा फिरतो पण पडदा काळा आणि आतून बीप येतात, म्हणजे हजेरीतच अडले. विंडोजचा याच्याशी संबंधच नाही. कंपनीचे चिन्ह दिसले आणि मग डिस्क नसल्याची ओळ आली, म्हणजे हजेरी झाली, शोध फसला. विंडोजची फिरणारी टिंबे दिसली आणि मग निळे झाले, म्हणजे गाभा आला आहे, दुभाष्यांत भांडण आहे. नाव विचारून आत घेतले पण माउस हलेना, म्हणजे सिस्टीम आली आहे, तिच्यावर ओझे जास्त आहे. यांतल्या एकाही दुखण्यावर फॉरमॅट हा पहिला उपाय नाही. तरी बाजारात तो सर्रास पहिला असतो, कारण त्यात विचार करावा लागत नाही.

आता ओव्यांचे काय झाले ते सांगतो. आपल्या ग्रंथालयात लाकडी खणांतली कार्डे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे चटकन कळेल. डिस्क हे ग्रंथालय. फाइल हे पुस्तक. आणि कोणते पुस्तक कोणत्या फडताळात आहे हे सांगणारी कार्डे म्हणजे फाइल सिस्टीम. फाइल कायमची पुसली असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा फक्त कार्ड काढले जाते. पुस्तक फडताळातच असते; त्या जागी दुसरे येईपर्यंत राहते. दुकानात मारतात तो झटपट फॉरमॅट म्हणजे कार्डांचा खण रिकामा करून नवा बसवणे. तिथेच थांबले असते तर जवळजवळ सारे परत मिळाले असते. पण पाठोपाठ नवी विंडोज टाकली गेली. तिची कितीतरी जी. बी. पुस्तके रिकाम्या समजल्या गेलेल्या फडताळांत जाऊन बसली. ज्या जागी ती बसली तिथल्या ओव्या गेल्या, जिथे बसली नाहीत तिथल्या मिळाल्या. गुरुजींच्या कित्येक फाइलींचा पूर्वार्ध आहे, उत्तरार्ध नाही. ओवी आहे, म्हणणारीचे नाव नाही. आणि हेही जुन्या फिरत्या डिस्कपुरतेच. नव्या एस. एस. डी.मध्ये कार्ड काढल्याची वर्दी आतपर्यंत पोचते आणि ती फडताळे थोड्याच वेळात खरोखर रिकामी होतात. तिथे एवढेही हाती लागत नाही. म्हणून मुलांच्या वहीत आता पहिल्या पानावर एकच वाक्य आहे: ‘यात तुमचे काय आहे, आणि त्याची प्रत कुठे आहे?’ हे गिऱ्हाइकाला विचारायचे, स्क्रू-ड्रायव्हर उचलण्यापूर्वी.

स्मृतीचे प्रकरण सोपे आहे. रॅम म्हणजे टेबल, डिस्क म्हणजे कपाट. टेबल लहान आणि पुस्तके फार झाली, की सिस्टीम काही पुस्तके कपाटात ठेवते आणि लागली की पुन्हा आणते. ही ने-आण इतकी वाढली, की वाचन होतच नाही, तेव्हा लोक म्हणतात, “मशीन हँग झालं.” बहुतेक वेळा रॅमची आणखी एक पट्टी बसवली की भागते.

बटणे पाठ करण्यातला दुसरा तोटा गेल्या वर्षी कळला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चे नेहमीचे पाठबळ थांबले. विंडोज ११ला टी. पी. एम. २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, ती कित्येक जुन्या यंत्रांत नाही. अशा काही यंत्रांवर आम्ही लिनक्स टाकू लागलो. तिथे बटणे वेगळी, त्यांच्या जागा वेगळ्या. पहिल्या तुकडीतली मुले गोंधळली. नव्या मुलांनी मात्र लोडर कुठे, गाभा कुठे, खण कुठला, एवढेच विचारले आणि दोन दिवसांत ती रुळली.

गुरुजी पुन्हा हिंडू लागले आहेत. नव्या ओव्यांची एक प्रत ते संगणकात ठेवतात आणि दुसरी लेकीच्या घरी. मध्यंतरी त्यांचा संगणक पुन्हा अडला आणि ते पुन्हा आमच्याकडेच आले. त्यांना माडीवर पाहून मलाच संकोच वाटला. एस. टी.ने येणाऱ्या दोघींपैकी एक समोर बसली. तिने आधी मागे हात घालून काही लावलेले आहे का ते पाहिले. मग पडद्यावरची इंग्रजी ओळ एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचू लागली. एका शब्दावर अडली तेव्हा गुरुजींनीच तिला त्याचा अर्थ सांगितला.

“गाभ्यापर्यंत आलंय, सर,” ती वळून मला म्हणाली, “डिस्कला अजून हात लावलेला नाही.”